दुकान वाढवलं

आप्पांची एसटी पनवेलला पोचायच्या आत त्यांना काय सांगायचं ते ठरायला हवं होतं, आणि घरात आतापर्यंत ठरलं होतं ते एवढंच, की पुरणात गूळ जरा कमी घालायचा.

सरोजिनीनं शिजलेली डाळ उपसली, आमटीसाठी कट बाजूला ठेवला आणि गॅलरीकडे पाहिलं. दिनानाथ पाठमोरा उभा होता. दाढी झालेली, पांढरा शर्ट, खिशाला पेन. दुकान होतं तेव्हा तो आठवड्यातून दोनदा दाढी करायचा. दुकान गेल्यापासून रोज करत होता.

"तुम्ही जाणार होतात ना आणायला?" तिनं आतूनच विचारलं.

"जाई गेलीय की."

"जाई गेली, कारण तुम्ही गेला नाहीत."

"डेपोत मार्केटमधलं कोणी ना कोणी भेटतं. सणाचे दिवस, सगळे गावाला निघालेले असतात."

"भेटलं तर काय करतात? चावतात?"

"विचारतात."

विचारतात हे खरंच होतं. लिफ्टमध्येसुद्धा विचारतात, म्हणून दिनानाथ हल्ली तीन मजले जिन्यानं चढायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलंय असं वॉचमनला सांगायचा. वॉचमननं विचारलेलं नसताना.

तुर्भ्याच्या मार्केटमागे शेलार बारदान हे दुकान चांगली पंचवीस-तीस वर्षं चाललं. धान्याच्या, साखरेच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, झटकायच्या, फाटलेल्या दाभणानं शिवायच्या आणि पुन्हा विकायच्या. आप्पांनी त्याच मार्केटात उभा जन्म भरलेल्या गोण्या पाठीवरून वाहिल्या. मुलानं रिकाम्या विकल्या. मग सगळीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, तेव्हा दिनानाथनं घाईघाईनं द्रोणागिरीला गोदाम घेतलं. बंदर जवळ, तागाला परदेशात भाव आहे, असं कोणीतरी सांगितलेलं. मालानं पावसात ओल धरली, पार्टीनं ऑर्डर फिरवली, आणि पुढे बँकेनं जे करायचं ते केलं. कोपरखैरण्याचं घर गेलं. करंजाड्याचा हा भाड्याचा फ्लॅट आला.

हे सगळं घडलं तसं घडलं. घोटाळा झाला तो एका शब्दाचा.

दुकानदार माणूस 'बंद' हा शब्द तोंडातून काढत नाही. संध्याकाळी शटर ओढतानाही 'दुकान वाढवतो' म्हणायचं. नारळ वाढवायचा, फुटली तर बांगडीही वाढायची. अक्षय तृतीया झाल्यावर दिनानाथनं शेवटचं शटर ओढलं, चावी देऊन टाकली, आणि फुटपाथवर उभ्या उभ्या गावाला फोन लावला. तोंडाला जो शब्द सवयीचा तोच आला. "आप्पा, दुकान वाढवलं."

आप्पा हमाल. त्यांच्या लेखी वाढवणं म्हणजे वाढवणं. फोनवर त्यांचा एवढा मोठा आवाज सरोजिनीनं जन्मात ऐकला नव्हता. "वाढवलंस? शाब्बास रं माझ्या लेका," आणि त्यांनी फोन ठेवला, कारण त्यांना ही बातमी पाटणच्या बाजारापर्यंत पोचवायची होती.

दिनानाथनं परत फोन केला नाही. आज करू, उद्या करू. घर बदललं तेव्हा सांगायचं ठरलं होतं, तर आप्पाच म्हणाले, नव्या दुकानाला जवळ पडत असंल. दिनानाथ 'हं' म्हणाला. त्या एका 'हं'वर अख्खा पावसाळा निघाला. आणि आता आप्पा खंडेनवमीला निघाले होते. दरवर्षी या दिवशी घरचे सगळे दुकानात जमायचे, दाभणाची आणि आप्पांच्या गोण्या उचलायच्या हुकाची पूजा व्हायची. यंदा तर वाढलेलं दुकान.

तिनं पुरण वाटायला घेतलं. तिला खरी काळजी दुकानाची नव्हती. दुकान गेलं तेव्हापासून दिनानाथ पानावर दुसऱ्यांदा काही घेत नसे. पहिलं वाढलेलं खायचा आणि ती पोळी घेऊन आली की पानावर हात आडवा धरायचा. बास. भूक नसायची असं नाही, तिला कळत होतं. कमावलं नाही तर मागायचं कशाला, असा काहीतरी हिशेब त्यानं मनाशी मांडला होता, आणि त्या हिशेबावर बोलायला गेलं की तो गॅलरीत जायचा. मग तिनंही आपली वाट काढली. पोळ्या मोठ्या करायला लागली. एका पोळीत दोन पोळ्यांची कणीक. तव्याबाहेर जायच्या. दिनानाथला हे कळलं होतं की नाही, देव जाणे.

*

सुनयना आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. दिनानाथची ही धाकटी बहीण बोनकोड्याच्या आगरी घरात लग्न करून गेली, तेव्हा आप्पा तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. त्यानंतर ती त्यांना बोलू देत नव्हती, असं तिचा नवरा गोटीराम म्हणायचा.

"वहिनी, मी आज सांगणार. दादा नको म्हणाला तरी सांगणार. सहन होत नाही मला. परवा आप्पांचा फोन आला तर म्हणतात, तुझ्या भावाच्या दुकानात माणसं किती झाली गं? मी म्हटलं, मोजली नाहीत."

"सांग बाई," सरोजिनी म्हणाली. "मी तुझ्या बाजूनं आहे."

"दादा कुठाय?"

"गॅलरीत. गंजेल तिथेच उभं राहून."

गोटीराम पायपुसण्यावर पाय पुसत होता. ते बारदानाचं होतं, कडेनं सुतळीचे जाड टाके घातलेलं. घरातल्या बऱ्याच गोष्टींना हल्ली असे टाके होते. गादीच्या कोपऱ्याला, जाईच्या ऑफिसच्या बॅगेला, सिलेंडरवर घालायच्या खोळीला. हात रिकामे राहिले की दिनानाथ शिवायचा, आणि हात रिकामेच होते.

"दादूस," गोटीरामनं हाक मारली, "आत ये. माझ्याकरं आयडिया हाय."

दिनानाथ आत आला. सुनयनानं कपाळावर हात मारला. "यांची आयडिया. मागच्या वेळी यांच्या आयडियानं आमच्या टाकीत बोंबील पडले होते."

"ते येगलं. आता ऐक. माझ्या चुलतभावाचा गाला हाय बोनकोड्याला. मोठा. सिमेंटचं काम करतो, अर्धा गाला गोन्यांनीच भरलाय. त्याला मी फोन केला काल. तो बोलला, आन आप्पांना. पूजा करा, नारल वाढवा, फोटो काढा. त्याची मानसं तासभर दादूसला शेठ बोलतील. आप्पा खूश, उद्या गावाला गेले, टेन्शन खलास."

"सिमेंटच्या गोण्या," सरोजिनी म्हणाली.

"आप्पांना कुठं समजतं?"

"जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं दाजी? गोणीला हात न लावता सांगतात आत काय आहे ते."

"लांबून दाखवू."

सुनयना हसली आणि मग हसल्याबद्दल चिडली. "दादा, सांग यांना काहीतरी."

सगळे दिनानाथकडे पाहत राहिले. त्याची बहीण खरं सांगायच्या बाजूनं होती, बायको तिच्या बाजूनं होती, आणि त्याच्या बाजूनं म्हणावं असं खोलीत एकच माणूस होतं, ते सिमेंटच्या गाळ्याचा बेत आखून हातातल्या चाव्या फिरवत उभं होतं. दिनानाथनं शर्टाच्या खिशावरून हात फिरवला.

"तासाभराचंच आहे ना," तो म्हणाला.

"दादा."

"ऐंशीचे झालेत सुनयना. पाठ बघितलीस त्यांची? ज्या पाठीवर मी दुकान उभं केलं. एवढं एक सुख आहे त्यांना. ते मी काढून घेऊ?"

"आणि पुढच्या खंडेनवमीला?"

"पुढचं पुढे."

सुनयनानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी आता जोरात काहीतरी बोलेल अशी तिची अपेक्षा होती. पण सरोजिनीनं खाली पाहून कणकेला तेल लावलं. कित्येक महिन्यांत दिनानाथ एका दमात एवढी वाक्यं बोलला नव्हता. एवढ्यासाठी ती सिमेंटच्या गोण्यांचीसुद्धा पूजा करायला तयार होती.

"छान," सुनयना म्हणाली. "दोन मिनिटांत पार्टी बदललीस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच म्हणतेय मी."

*

जाईनं ठरवलं होतं की रिक्षातच सांगून टाकायचं. द्रोणागिरीला एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या ऑफिसात बसून ती दिवसभर लोकांना वाईट बातम्याच द्यायची. तुमचा कंटेनर आज येणार नाही, उद्याही नाही. शांतपणे सांगायचं, कारण द्यायचं, सॉरी म्हणायचं. आजोबांना सांगणं याहून अवघड काय असणार?

पण आप्पा एसटीतून उतरले ते काखेत एक चपटी, मोठी वस्तू घेऊन. जुन्या धोतरात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. कंडक्टर म्हणाला, पोरी, सांभाळ म्हाताऱ्याला, पाटणपासनं मांडीवर घेऊन बसलाय, कुनाला हात लावू दिला न्हाय.

"काय आणलंत आप्पा?"

"बस तर रिक्षात. दावतो."

रिक्षा डेपोतून बाहेर पडली तसं त्यांनी दोरी सोडली. पत्र्याचा बोर्ड होता. पिवळ्यावर तांबडी अक्षरं, कडेनं नक्षी, वरच्या कोपऱ्यात गणपती. गावच्या पेंटरनं मन लावून काम केलं होतं.

शेलार बारदान. शाखा दुसरी.

जाईनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. पहिलीही नाही, असं म्हणायची हीच वेळ होती.

"कसाय?"

"मस्त."

"पेंटर म्हनला, आप्पा, दुसरी शाखा हाय का त्येच दुकान मोटं केलं? म्या म्हनलं, वाढवलं म्हंजे दुसरी धर. जागा ऱ्हाऊ दे तिसरीला." त्यांनी बोर्डावरून सदऱ्याची बाही फिरवली. "तुजा बाप बोलत न्हाय लई. फोनवर नुसतं हं हं करतो. मोटी मानसं अशीच बोलत्यात. मालक लोक. आमचा शेट बी हं हंच करायचा."

जाई बाहेर पाहायला लागली. उड्डाणपूल, क्रेन, अर्धवट टॉवर.

"आप्पा, समजा…"

"काय?"

"काही नाही. उकडतंय ना."

"तुमच्याकडं कवा उकडत न्हाय?" आप्पा म्हणाले आणि खूश होऊन हसले. जाईनं मोबाइल काढून आईला मेसेज केला: बोर्ड आणलाय. मग आणखी एक: मी नाही सांगू शकले.

*

आप्पा आले आणि घर भरलं. सरोजिनीला म्हणाले, वाळलीस. गोटीरामला म्हणाले, तू न्हाय वाळला. सुनयनाच्या डोक्यावर हात ठेवला, तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. बोर्ड सगळ्यांना दाखवून झाला. सगळ्यांनी तो छान आहे असं म्हटलं आणि कोणीच कोणाकडे पाहिलं नाही.

दिनानाथ पाया पडला. उठताना आप्पांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि नीट पाहिलं.

"बारीक झालायस."

"काम असतं आप्पा."

"असनारच."

दिनानाथला वाटलं होतं, खोटं बोलताना जीभ अडखळेल. अडखळली नाही. गेले काही महिने तो इतक्या लोकांशी इतकं थोडं थोडं खोटं बोलला होता, की आता ते सोपं झालं होतं. कठीण होतं ते आप्पांच्या हाताखाली उभं राहणं. तो हात अजून दंडावर होता. कातडं पातळ झालेलं, पण पकड तीच. या हातानं आप्पा गोण थापटून सांगायचे, तांदूळ, साखर, हरभरा. दिनानाथला वाटलं, आता दंड थापटतील आणि सांगतील आत काय आहे ते.

"चला," आप्पा म्हणाले. "पूजा आदी. जेवन मागनं. हुक आनलाय म्या." त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला हुक काढला, लाकडी मुठीचा, टोक झिजून चमकणारा. "दाबन कुटाय?"

दिनानाथनं शर्टाच्या खिशातून दाभण काढलं. पेनाच्या शेजारी ते रोज असायचं. सरोजिनीला हे माहीत नव्हतं. तिनं पाहिलं आणि मान फिरवली.

"खिशात ठिवतोस व्हय? लागंल की." आप्पांनी ते घेतलं, बोटावर टेकवून पाहिलं. "चला मंग. दुकान दावा."

"रिक्षा बोलवतो," गोटीराम लगबगीनं म्हणाला. "जरा लांब हाय. मधी ट्राफिक. आप्पा, तुमी लांबूनच बगा हां, आत धूल लय हाय."

"धुळीला काय घाबरायचं? धूळच खाल्ली जनमभर."

आप्पा दाराशी आले. एक पाय चपलेत घातला, दुसरा पायपुसण्यावर होता. तिथेच थांबले. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बोटानं कडेचा टाका चाचपला.

"दिना, ह्ये तू शिवलंस?"

"हो."

"टाका तुझाच हाय. दुपदरी. म्या वळखला." आप्पा वाकलेलेच राहिले. मग आत बघितलं. सिलेंडरची खोळ. जाईची बॅग खुंटीला. पलंगावरून लोंबणारा गादीचा कोपरा. "एवढं दुकान वाढलं, मानसं हाताखाली. आन् तुला पायपुसनी शिवायला येळ कसा गावतो रं?"

ते चेष्टेतच म्हणाले होते. चेहऱ्यावर हसू होतं. कोणीतरी त्याच सुरात काहीतरी म्हणायला हवं होतं.

"हौस, आप्पा," गोटीराम म्हणाला. "मोट्या मानसाची हौस."

सुनयनानं तोंड उघडलं. सरोजिनीनं तिचा हात धरला, घट्ट. थांब, असं. सुनयना थांबली. सरोजिनी नवऱ्याकडे पाहत होती. तो आता गॅलरीत जाईल, असं तिला वाटलं. गॅलरी चार पावलांवर होती.

दिनानाथ दाराकडे आला.

"आप्पा, दुकान वाढवलं."

"व्हय की. सांगितलंस तू."

"नाही. वाढवलं."

त्यानं उजवा हात डोक्याच्या वर नेला. मूठ वळली, हवेतलं काहीतरी पकडलं, आणि हात खाली ओढत आणला, छातीवरून, कमरेवरून, शेवटी गुडघे वाकवून थेट जमिनीपर्यंत. रोज संध्याकाळी, इतकी वर्षं, जसा आणायचा तसा. आणि खाली गेल्यावर सवयीनं डाव्या हातानं कुलूप घातलं.

तो तिथेच उकिडवा राहिला.

आप्पा त्या हाताकडे पाहत होते. मार्केटात दिवस मावळल्यावर त्यांनी ही हालचाल ओळीनं शंभर दुकानांत पाहिली होती. शब्द त्यांचा नव्हता, पण हात त्यांना समजत होता.

"कुलूप बी?" त्यांनी विचारलं.

"कुलूप बी."

"चावी?"

"दिली."

आप्पा चपलांच्या कपाटावर बसले. ते पातळ पत्र्याचं होतं, कुरकुरलं. एक चप्पल पायात, एक पाय अनवाणी.

"कवा?"

"तुम्हाला फोन केला तेव्हाच. तेच सांगत होतो."

"तेच सांगत व्हतास." आप्पांनी मान हलवली. हळूहळू सगळं त्यांच्या ध्यानात येत गेलं, घर का बदललं, हं हं का म्हणतो, पोरगी रिक्षात उकडतंय का म्हणाली. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "म्हंजे म्या गावात पेढं वाटलं ते…"

"बंद झाल्याचे," सुनयना म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण खरं सांगायची तिची इतकी तयारी झाली होती की कुठूनतरी ते बाहेर पडणारच होतं.

गोटीरामच्या नाकातून आवाज आला. त्यानं तो खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला.

"मारुतीला बी ठिवलं की गं," आप्पा म्हणाले. "मारुती काय म्हनला असंल?"

मग जाई हसली, आणि जाई हसली म्हणून सुनयना, आणि मग कोणालाच आवरेना. आप्पाही हसले, पण ते लवकर थांबले. दिनानाथ अजून खालीच बसला होता. त्यांनी हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"इतकं दिवस एकलाच वाहिलंस?"

"सरोजिनी होती."

"ती हायच. माजं काय ते बोल. गोन उतरवायची झाली की आमी हाळी देतो. 'उतरव रं.' मंग शेजारचा कुनीबी येतो, हात लावतो. वळख लागत न्हाय त्याला. आन् म्या तर तुज्या वळखीचा हाय."

दिनानाथला हसू आलं आणि ते मध्येच भलतीकडे गेलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले. "वाटलं, तुम्हाला कसं वाटेल."

"वाईट वाटंल. आता बी वाटतंय. वाटू दे की. वाईट वाटलं म्हंजे काय मी मेलो?" त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा, जरा जोरातच. "आन् ह्यो गोटीराम मला कुटं न्हेत व्हता?"

गोटीरामनं चाव्या खिशात टाकल्या. "सिमेंटच्या गाल्यात."

"सिमेंट?"

"लांबून दाखवनार होतो."

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुज्या डोस्क्याची बी पूजा कराय पायजे आज," ते म्हणाले. "हत्यार म्हनून न्हवं. शांती म्हनून."

*

पूजेला पाट नव्हता. घर बदलताना तो कुठल्या खोक्यात गेला ते सरोजिनीला अजून सापडलं नव्हतं. ती शोधायला लागली तर आप्पा म्हणाले, ऱ्हाऊ दे, आणि त्यांनी बोर्ड उचलला. एकदा अक्षरांकडे पाहिलं, मग उलटा करून जमिनीवर ठेवला. मागची बाजू कोरी होती.

"बरा हाय. गुळगुळीत."

"आप्पा, गणपती आहे त्याच्यावर," जाई म्हणाली.

"खाली हाय. खालनं आधार द्यायला देव लागतोच की."

हुक आणि दाभण शेजारी शेजारी ठेवले. हळद, कुंकू, झेंडूची दोन फुलं. सुनयनानं घरातली कात्रीही आणून ठेवली, जाईनं लॅपटॉप. गोटीरामनं रिक्षा बोलवायला काढलेला मोबाइल ठेवला, मग तो वाजायला लागला म्हणून उचलला. चुलतभाऊ विचारत होता, शेठ कधी येणार. गोटीराम म्हणाला, शेठनं प्रोग्राम बदलला.

सरोजिनी मागे उभी होती. काय ठेवावं तिला कळेना. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं लाटणं आणलं आणि दाभणाशेजारी ठेवलं.

आप्पांनी नारळ दिनानाथच्या हातात दिला. "घे. वाढव."

"सेक्रेटरी ओरडेल," दिनानाथ म्हणाला, पण तो गॅलरीत गेला. खाली सोसायटीच्या बाकावर दोघे-तिघे बसले होते, त्यांनी वर पाहिलं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि गॅलरीतल्या कपडे धुवायच्या दगडावर नारळ आपटला. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या झाल्या. पाणी जाईनं भांड्यात धरलं.

"पर गावात काय सांगू मी?" आप्पांना आता आठवलं. "पेंटर तर रोज विचारनार."

"काय सांगायचं?" सुनयना पानं मांडत म्हणाली. "दुकान वाढवलं म्हणायचं. खोटं कुठे आहे?"

आप्पांनी विचार केला. "खरंच की," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या कानानं ऐकावं."

जेवायला सगळे जमिनीवरच बसले. आमटीचा पहिला भुरका मारून आप्पांनी डोळे मिटले, म्हणजे आमटी जमली होती. मग सरोजिनीनं पुरणपोळ्या आणल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

"ही पोळी हाय का गाडीचं चाक? कुनाच्या मापानं केल्यास गं?"

"चुकून झाल्या," सरोजिनी म्हणाली.

"रोज चुकतात," जाई म्हणाली.

दिनानाथनं पानातून वर पाहिलं. बायकोकडे पाहिलं, तिच्या हातातल्या ताटाकडे, पुन्हा तिच्याकडे. थोड्या वेळानं त्याच्या पानातली पोळी संपली. ती समोर येऊन उभी राहिली, आणि त्याचा उजवा हात सवयीनं उचलला गेला, पानावर आडवा धरायला. अर्ध्यावर आला. मघाशी शटर ओढणारा तोच हात. तिथे तो जरा थांबला, मग त्यानं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"वाढ," तो म्हणाला.

तिनं पोळी वाढली, वर तूप. तो खाताना ती लगेच हलली नाही. गोटीरामनं तीनदा पोळी मागितली, ते तिला ऐकू आलं नाही. उद्यापासून पोळ्या पहिल्यासारख्या लहान करायला हरकत नाही, असं ती मनाशी म्हणत होती.